व्हिसा कोणाच्या नावावर?

'शेजारी काय म्हणतील ही धास्ती परदेशात नाही' असं परदेशी गेलेल्या बायकांबद्दल म्हणतात, ते खरंच. न्यू जर्सीत रात्री अकराला एकटी दूध आणायला जायचे, कुणी हटकलं नाही. पण व्हिसा कोणता, हे असं म्हणताना कुणीच विचारत नाही. मी एच-४ वर होते, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर. २०१५ पासून एच-४ वाल्यांना कामाचा परवाना मिळतो खरा, पण साधारणपणे नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी त्याच्या कंपनीने केलेली मागणी) मंजूर झाली असेल तरच. आमची व्हायला चार वर्षं लागली.

पुण्यात स्वतः कमावणारी मी, तिथे साध्या लिपस्टिकलाही त्याचंच कार्ड पुढे करायचे. तो कधी विचारायचा नाही हो, मीच पावती दाखवायचे! शिवाय त्याची नोकरी गेली असती तर तिथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस, दोघांनाही.