रेवस ते रेडी सलग, की एकच खाडी धरून? कोकण किनारा कसा पाहावा (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाडीकाठ

रेवसहून निघायचं, सहा दिवसांत मालवण गाठायचं आणि वाटेत येईल तो किल्ला उरकायचा. कोकण किनाऱ्याचे बहुतेक बेत असे आखले जातात. माझ्या मते इथेच चूक होते. कोकणचा जुना इतिहास खाडीच्या तोंडातून आत शिरतो, आणि रेवस ते रेडी जाणारा सागरी रस्ता त्याला आडवा छेदून तरीवरून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवरून, दहा-पंधरा मिनिटांत पुढे निघून जातो.

कारण साधं आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं खाडीत आत यायची. पाणी उथळ झालं की माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटाने देशावर जायचा. म्हणून जवळजवळ प्रत्येक मोठ्या खाडीची मांडणी सारखी आहे: तोंडावर किल्ला, आत बंदर, त्याच्याही आत लेणी किंवा जुनं देऊळ, आणि वर घाट.

राजपुरीची खाडी घ्या. तोंडावर जंजिरा, तो सगळे पाहतात. आत मांदाड आहे. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतलं मंदगोरा बंदर ते हेच, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याच्या जवळ कुड्याची लेणी, एकूण २६. तिथल्या ब्राह्मी लेखांतले दाते वाचा: एक माळी आहे, एक कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाडच्या माणसाने खाडीकाठच्या लेण्याला दान का द्यावं, हे कळलं की व्यापाराची अख्खी वाट डोळ्यांसमोर उभी राहते. जंजिरा पाहून संध्याकाळी दिवेआगरच्या वाळूवर बसलेल्या माणसाला ही वाट कधी दिसत नाही.

सावित्रीचंही तसंच. तोंडावर बाणकोट, आत महाडजवळ गांधारपाल्याची लेणी. वाशिष्ठीच्या तोंडावर दाभोळ आणि पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड, तिला मिळणाऱ्या कोटजाईवर पन्हाळेकाजीची २९ लेणी, वर चिपळूण आणि कुंभार्ली घाट. शास्त्रीच्या तोंडावर जयगड, आत कसबा संगमेश्वरचं कर्णेश्वर मंदिर. वाघोटणच्या तोंडावर विजयदुर्ग, आत खारेपाटण, जिथे शिलाहार रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट मिळाला.

चार दिवस असतील तर एकच खाडी घ्या. पुढच्या वर्षी दुसरी.

दर्यावर्दी

खाडीची मांडणी पटते, पण त्यावरून सलग प्रवास चुकीचा कसा ठरतो ते पटत नाही. तुम्ही सातवाहन ते शिलाहार काळाची गोष्ट सांगताय. सतराव्या-अठराव्या शतकाचा कोकण किनाऱ्याला समांतरच आहे, आणि तो एका खाडीत बसून कळणार नाही.

खांदेरी, कुलाबा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही एक साखळी आहे. कुलाब्याच्या तटावरून खांदेरी दिसतो. जंजिऱ्याच्या तटावर उभं राहिलं की समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो आणि तो तिथेच का बांधला ते निराळं सांगावं लागत नाही. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हर्ण्याजवळचा सुवर्णदुर्ग घेतला, १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्हने आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पाडला. पुढे बाणकोट इंग्रजांकडे राहिला आणि त्याच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. बाणकोट, हर्णे आणि विजयदुर्ग ओळीने पाहिले तरच हा सौदा समजतो. वर्षाला एक खाडी घेतली तर ही गोष्ट तुकड्यातुकड्यांत सहा वर्षं चालेल आणि दुवे मधल्या मधे सुटतील.

सहा दिवसांत सलग जमतं, असं:

पहिला दिवस अलिबाग, कुलाबा, चौल-रेवदंडा, कोर्लई, मुक्काम मुरूड. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होडीने जंजिरा, मग आगरदांडा ते दिघी तर, मुक्काम हरिहरेश्वर. तिसरा दिवस बागमांडला ते वेशवी तर, बाणकोट, केळशी, आंजर्ले, मुक्काम हर्णे. सुवर्णदुर्गासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला आहेत, तेही चुकवू नका. चौथा दिवस दाभोळ ते धोपावे तर, गुहागर, हेदवी, तवसाळ ते जयगड तर. पाचवा दिवस रत्नागिरीवरून पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. सहावा दिवस देवगड, कुणकेश्वर, मालवण.

बेत बिघडतो तो तरीवर. शनिवार-रविवारी संध्याकाळी रांग लागते आणि शेवटची तर चुकली की दाभोळहून गुहागरला रस्त्याने खेड-चिपळूणचा वळसा, शंभर किलोमीटरच्या वर. म्हणून तरीने नेहमी दुपारी तीनच्या आत पलीकडे जायचं. पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र आणि बुळबुळीत होतो. ज्या गाडीचं पोट जमिनीलगत आहे तिचा पुढचा बंपर घासतो. माणसं आधी उतरवून गाडी तिरकी आणि सावकाश घ्यावी.

वस्तीची गाडी

दर्यावर्दी यांचा बेत गाडीवाल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना खाडीचाच बेत सोपा, आणि त्याचं कारण कोकण रेल्वे. तिची स्थानकं खाड्यांच्या डोक्याशी आहेत: कुड्यासाठी माणगाव, महाडसाठी वीर, पन्हाळेकाजीसाठी खेड, मग चिपळूण, संगमेश्वर. रेल्वेने डोक्याशी उतरायचं आणि एसटीने तोंडाकडे सरकत जायचं. किनाऱ्याला समांतर एसटी मिळणं कठीण, कारण बहुतेक फेऱ्या तालुक्याच्या गावाहून किनाऱ्यावर जाणाऱ्या.

आतल्या गावांची एक अडचण आधीच माहीत हवी. तिथली एसटी बहुधा वस्तीची असते. संध्याकाळी येते, रात्री गावात थांबते, पहाटे परत जाते. मधल्या वेळात एखादी फेरी असली तर असली. दुपारी लेणी पाहून 'आता बस कधी?' असं विचारलं तर उत्तर 'उद्या सकाळी' असू शकतं. आगारात फक्त जायची वेळ विचारून भागत नाही. परतीची शेवटची फेरी कोणत्या फाट्यावरून मिळेल तेही विचारा. पन्हाळेकाजीसाठी खेड-दापोली रस्त्यावर वाकवलीहून आत जावं लागतं. तिथून जातायेता रिक्षा ठरवलेली बरी, आणि तिला थांबवून ठेवायचं, सोडायचं नाही.

कुड्याला इंदापूर-तळा-मांदाड रस्त्याने जातात. हे इंदापूर रायगड जिल्ह्यातलं. आगारात नुसतं 'इंदापूर' म्हटलं की पुणे जिल्ह्यातलंही निघतं.

जांभा

तुम्हा दोघांच्याही बेतात सडा नाही. खाडी आणि वाळू यांच्यामध्ये जांभ्याचं जे उघडं पठार आहे, त्याच्यावर कोकणातलं सर्वांत जुनं काम आहे: कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेल्या आकृत्या. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, कुडोपी ही स्थळं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. पूर्णगड-जैतापूर रस्त्याने जाणारे दर्यावर्दी त्याच्या शेजारूनच जातात.

कातळशिल्पं पाहण्याची वेळ चुकली तर समोर असूनही दिसत नाहीत. रेघा उथळ आहेत. ऊन डोक्यावर आलं की सावली पडत नाही आणि सगळा कातळ एकसारखा काळा दिसतो. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, तिरप्या उन्हात जा. पावसाळ्यात रेघांत पाणी आणि गवत, त्यानंतर गवत वाळेपर्यंत थांबावं लागतं, डिसेंबर-जानेवारी उत्तम. दुपारी सड्यावर झाडाचं पान नसतं, माणशी दोन लिटर पाणी कमीच.

आणि फोटोत रेघ उठून दिसावी म्हणून खडू, चुना, रांगोळी काहीही भरू नका. दगडाने घासून 'साफ' करणं तर त्याहून वाईट. जांभा सच्छिद्र असतो, त्याचा वरचा कठीण काळा थर खरवडला की खालचा मऊ तांबडा भाग उघडा पडतो आणि दोन-चार पावसांत कड झिजते. कडेने फिरा, रेघांवर बूट ठेवू नका.

दर्यावर्दी

सड्याबद्दल मान्य, पाचव्या दिवशी कशेळी घालतो. त्यासाठी पूर्णगडाला थोडाच वेळ मिळेल, हरकत नाही.

पण खाडीकाठ यांना एक प्रश्न. लेणी पाहायला तुम्ही माणसं आत नेताय. तिथे पोचल्यावर जाणकार सोबत नसेल तर सामान्य माणसाला काळोख्या खोल्या दिसतात, लेख वाचता येत नाहीत. किल्ला मात्र तट, दरवाजा, टाकं, तोफ असा स्वतःच बोलतो. पहिल्यांदा येणाऱ्याला आधी किल्ला द्यावा.

सुकती

किल्ला द्या, पण भरती-ओहोटी पाहून द्या. वरच्या बेतात कुलाबा पहिल्या दिवशी टाकलाय. तारीख कोणती, याचा विचार केलेला नाही.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला साधारण साडेअकरा ते बारा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा तेच. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे आम्ही सुकती म्हणतो ती. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं.

आता लोक कुठे फसतात ते सांगते. अष्टमीला सुकती दुपारी बाराला येते म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो. पण अष्टमीच्या आसपास, खरं तर एक-दोन दिवस नंतर, भांगाचं पाणी असतं. समुद्र फारसा चढत नाही आणि फारसा उतरतही नाही. कुलाब्याच्या वाटेवर तेव्हा गुडघाभर पाणी राहू शकतं. पौर्णिमेला उधाणाचं पाणी ओहोटीला खूप मागे हटतं, वाट कोरडी पडते, पण सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणून चतुर्थी-पंचमीची सकाळ किंवा द्वादशी-त्रयोदशीची दुपार धरा. चतुर्थी-पंचमीला नऊ ते दहाच्या दरम्यान सुकती, द्वादशी-त्रयोदशीला तीन ते चार. सुकतीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात परत या. वाळूच्या मधल्या खोलगट भागात पाणी आधी भरतं. समोरचा किनारा कोरडा दिसतो आणि मध्येच कमरेपर्यंत पाणी लागतं. हा अंदाज तासाभराने चुकू शकतो, निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारून घ्या.

जंजिऱ्याला भरतीपेक्षा वाऱ्याचा प्रश्न. दुपारनंतर वारा वाढतो, होडी दरवाजाच्या पायरीला लावताना आपटते आणि उतरताना पाय घसरतो. सकाळीच जा. होडीवाले किल्ल्यात तासाच्या आतबाहेर वेळ देतात. आधी गोड्या पाण्याचे तलाव आणि कलालबांगडी तोफ पाहून घ्या, मग वेळ उरेल तसा तट. जूनपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत होड्या बंद, सिंधुदुर्गालाही.

खाडीकाठ

सुकतीताईंनी शेवटी जे सांगितलं ते माझ्याच बाजूचं आहे. पावसाचे तीन महिने समुद्रातले किल्ले बंद, पण कुडे, गांधारपाले, कर्णेश्वर उघडे. गांधारपाले तर मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. पायऱ्यांवर शेवाळ असतं, रबरी तळव्याचे बूट हवेत आणि ओढा फुगला असेल तर पलीकडे जायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

दर्यावर्दी यांच्या प्रश्नाचं उत्तर: लेणं बोलत नाही असं नाही. कुठे पाहायचं ते माहीत हवं. पन्हाळेकाजीत शेवटच्या, २९ व्या लेण्यात नाथ-सिद्धांच्या मूर्ती आहेत, त्याआधी बौद्ध आणि गाणपत्य, म्हणजे गणेशभक्त पंथाच्या. एकाच नदीकाठी हजार-बाराशे वर्षांत पंथ कसे बदलत गेले ते एका चालीत दिसतं. टॉर्च खाली, बाजूने धरा. समोरून मारला की मूर्ती सपाट दिसते.

मात्र एक दुरुस्ती करतो. 'तोंडावरचा किल्ला सगळे पाहतात' म्हणून मी तो जवळजवळ वगळला होता. ते चूक. खाडी तोंडापासूनच सुरू करायला हवी, आणि तोंडावर उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंचे शेजारी किल्ले कोणते तेही समजायला हवं.

वाडी-वस्ती

गावांबद्दल कुणीच बोललं नाही. चौलचे अवशेष एका कुंपणात नाहीत. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून विखुरलेले आहेत. म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी आगरातून चालताय. बेड्याशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी, हाक मारून विचारून आत जा. रेवदंड्याचा सातखणी मनोरा, आता चारच खण उरलेला, पोर्तुगीज कोटात वस्तीमध्येच आहे. कोर्लईत अजून पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलतात. ती ऐकायची असेल तर दुकानात बसून ऐका, कुणाच्या तोंडासमोर फोन धरून 'जरा बोलून दाखवा' म्हणू नका.

सलग प्रवासाला माझा आक्षेप याच कारणासाठी. रात्री आठला घरगुती मुक्कामी पोचणारा पाहुणा जेवण मागतो, सकाळी सातला निघतो. घरच्या बाईला मासळी सकाळी घ्यावी लागते, तिला आदल्या दिवशी कळवलंत तर ताजं मिळेल. हर्ण्याचा लिलाव संध्याकाळी, इतर ठिकाणी वेळ वेगळी. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा बांगड्याचा आग्रह धरू नका. खोलातल्या मासळीऐवजी खाडीतलं काय आहे ते विचारा.

दर्यावर्दी

सकाळी सातला निघणारा पाहुणा मीच सुचवला, हे खरं. मग सहा दिवसांच्या बेतातले चौथ्यापासूनचे दिवस मोडतो. हर्ण्याहून दाभोळला यायचं, तिथे दोन रात्री राहायचं, मधल्या दिवशी पन्हाळेकाजी, आणि शेवटी धोपावे-गुहागर करून चिपळूणला रेल्वे. विजयदुर्ग-मालवण वेगळ्या फेरीत. साखळी हर्ण्यापर्यंत तरी अखंड राहते.

वस्तीची गाडी

या बेतात पन्हाळेकाजीचा दिवस रविवारी ठेवू नका. रविवारी एसटीच्या शाळेच्या फेऱ्या नसतात आणि आतल्या रस्त्यावर परत यायला तेवढाच आधार असतो.