ऑक्टोबरची ट्रिप: कॅन्यनमधल्या कुठल्या वाटा चालायच्या?

दादा: तिकिटं झाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अमेरिकेत फिनिक्सला उतरतोय, मोठे सात आणि छोटू. चालायला सहा दिवस मिळतात. ताई, तू तिथे राहतेस, म्हणून वाटा तू सुचव. बाकीच्यांनी आपापली इच्छा आजच लिहून टाका.

धाकटी: मी व्हिडिओ बघून बघून चौदा जागा जमवल्यात. एंजल्स लँडिंग, नॅरोज, अँटेलोप, हॉर्सशू बेंड, ब्राइस, डेलिकेट आर्च, डेथ व्हॅली… सगळ्या पाठवू का?

काका: माझं एकच मागणं आहे. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी कोलोराडो नदीत हात बुडवायचा आणि संध्याकाळपर्यंत वर यायचं. तीस वर्षं दर रविवारी गड चढतोय, पाय तयार आहेत.

आई: माझ्या गुडघ्याचं तुम्हाला माहीतच आहे. मी बसून बघेन, माझ्यासाठी कुणी अडू नका.

ताई: आई, तू बसून राहायचं नाहीस. तुझ्यासाठी फार सुंदर वाट आहे, लिहिते. आधी काकांना उत्तर देते, कारण सगळ्यांच्याच निवडीचा मुद्दा त्यात आहे.

काका, गडावर आपण आधी चढतो. दम लागला की तिथेच कळतं, मागे फिरलं की उतार. कॅन्यनमध्ये हे सगळं उलटं होतं. सकाळी थंड हवेत ताज्या पायांनी आपण उतरत जातो, फार छान वाटतं, आणि दमलोय हे कळतं तेव्हा सगळा चढ डोक्यावर उभा असतो. त्यात जितकं खाली जाऊ तितकी हवा तापते. ऑक्टोबरात साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेकडच्या काठावर, दुपारी सरासरी १८ अंश सेल्सिअस असतं, तळाशी २९. साउथ कायबॅब वाटेनं नदी सुमारे १० किलोमीटरवर आहे आणि ४,७०० फुटांहून जास्त खाली. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं नॅशनल पार्कवालेच ठिकठिकाणी पाट्या लावून सांगतात. तळाशी मुक्कामाची सोय आहे, पण ती फार आधी ठरवावी लागते. या वेळी ते जमणार नाही.

काका: पण नदीला हात न लावता परत यायचं म्हणजे गडाच्या पायथ्यावरून फिरल्यासारखं नाही का होणार?

ताई: नाही होणार काका, मनापासून सांगते. तुमच्यासाठी मी साउथ कायबॅबवरचा सीडर रिज ठरवलाय. जाऊन येऊन ३ मैल म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, उतार सुमारे ११०० फुटांचा. ही वाट डोंगराच्या सोंडेवरून उतरते, म्हणून पहिल्या मैलाच्या आतच ऊ आह पॉइंटला दोन्ही बाजू उघड्या होतात. ब्राइट एंजल वाट कड्याच्या खाचेतून जाते, तिथे नजर इतकी लांब पोहोचत नाही. वरचा फिकट कायबॅब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा आणि अगदी तळाचा काळा विष्णू शिस्ट खडक १७० कोटींच्या पुढचा. आपण तासाभरात त्यातले वरचे काही थर पायांनी ओलांडतो. खडकावर हात ठेवून बघा, रंग बदलतो तसा स्पर्शही बदलतो.

बाबा: विष्णू शिस्ट? नाव आपल्या विष्णूवरून?

ताई: हो बाबा. समोर विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिव टेंपल अशा नावांची शिखरंसुद्धा आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथलं सर्वेक्षण करणाऱ्यांनी दिलेली नावं. तुम्हाला एकेक दाखवीन.

काकू: सीडर रिजला पाणी मिळतं का? आणि बाथरूम?

ताई: बाथरूम आहे, पाणी नाही. त्या वाटेवर नदीपर्यंत कुठेच पिण्याचं पाणी नाही आणि सावलीही नावालाच. म्हणून आपण उजाडता उजाडता निघायचं. वाटेच्या तोंडापर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही, पार्कची शटल बस घ्यावी लागते. ब्राइट एंजलवर दीड मैल आणि तीन मैलांवर विश्रांतीच्या जागा आहेत, पण तिथलं पाणी हंगामी असतं आणि पाइपलाइन फुटली की तेही बंद. आदल्या संध्याकाळी पार्कच्या रेंजरना विचारूनच ठरवायचं. त्या वाटेवर पुढे हावासुपाई गार्डन्स लागतं. तुमच्या जुन्या नकाशात त्याचं नाव इंडियन गार्डन असेल. हावासुपाई हे तिथले मूळ रहिवासी, ते तिथे शेती करून राहत होते, त्यांना तिथून काढलं गेलं. २०२२ मध्ये ते नाव बदलून त्यांचं नाव दिलं.

वहिनी: पाणी माणशी किती धरायचं?

ताई: वहिनी, पाण्याइतकंच मिठाकडे लक्ष दे. इथे आल्यावर पहिल्याच जूनमध्ये आम्ही दोघं सकाळी दहा वाजता साउथ कायबॅबवर उतरलो होतो. पाणी भरपूर होतं, खायला फक्त सफरचंदं. वर येताना ह्यांना मळमळायला लागलं म्हणून मी आणखी पाणी पाजत राहिले. बोटं इतकी सुजली की अंगठी निघेना. शर्टाच्या कॉलरवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती, ती बघूनही मला कळलं नाही. एका रेंजरबाईंनी थांबवलं, पाणी बंद करायला सांगितलं आणि खारी बिस्किटं एकेक करून खायला लावली. घामातून मीठ जातं आणि आपण नुसतं पाणी पीत राहिलो तर रक्तातलं सोडियम खाली येतं. तेही उष्माघाताइतकंच धोक्याचं. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये खारे शेंगदाणे असतात. या हवेत अशा छोट्या वाटेसाठी माणशी दोन लिटर आणि सोबत खारं खाणं.

दादा: आणि वेळेचा हिशोब?

ताई: उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धर. सकाळी तास उतरलो तर वर यायला दोन तास. घड्याळ सांगेल तिथून परत फिरायचं, मग पुढचं वळण कितीही बोलावत असो. काका, एवढा एक शब्द मला द्या.

काका: दिला.

ताई: आता आई. तुझी वाट कड्याच्या काठाकाठानं जाणारी रिम ट्रेल. बरीचशी फरसबंद, जवळपास सपाट, १३ मैल लांब. पण वाटेत ठिकठिकाणी शटल थांबते, त्यामुळे वाटेल तितकीच चालायची. तिचा एक भाग ट्रेल ऑफ टाइम म्हणून आहे. जमिनीत दर मीटरला पितळी खूण बसवलीये आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. बाजूला त्या त्या काळाचे खडक मांडलेत, हात लावता येतो. छोटूला तुझ्याबरोबरच पाठवू, तो खुणा मोजत पुढे जाईल.

आई: मग मी येते हो. सकाळी थंडी किती?

ताई: रिम सात हजार फुटांवर आहे, पहाटे दोन-तीन अंशांपर्यंत उतरतं. स्वेटर, कानटोपी आणच. ब्राइस त्याहून उंच, आठ हजारांच्या वर.

धाकटी: माझ्या चौदा जागा!

ताई: तुझ्यातल्या चार धरल्यात गं. डेलिकेट आर्चजवळचं मोआब आणि डेथ व्हॅली वेगवेगळ्या दिशांना आहेत, सहा दिवसांत दोन्ही घेतल्या तर नुसते गाडीत बसून राहू. फिनिक्स, ग्रँड कॅन्यन, पेज, झायन, ब्राइस अशी एकच साखळी ठेवू.

झायनमधल्या एंजल्स लँडिंगला एप्रिल २०२२ पासून परवाना लागतो आणि तो सोडतीनं मिळतो. आदल्या दिवशीची सोडत असते, अर्जाचे ६ डॉलर, लागली तर माणशी ३. शेवटचा भाग अरुंद धारेवर साखळी धरून चढायचा आहे. तुला आणि दादाला जायचं असेल तर अर्ज करू. नाही लागला तर त्याच वाटेवरच्या स्काउट लुकआउटपर्यंत परवान्याशिवाय जाता येतं, आणि झायनची दरी तिथूनही छान दिसते. मला तर तिथेच बसायला जास्त आवडतं.

वहिनी: अँटेलोप कॅन्यनचे फोटो बघून मला तिथे जावंसंच वाटतंय. आपण स्वतः जाऊ शकतो?

ताई: नाही. ती नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन आहे, त्यांच्या वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. खालच्या भागात उभ्या लोखंडी शिड्या आहेत, वरच्या भागात शिरताना जमीन सपाट. आईसाठी वरचा घेऊ. आणि घड्याळाचं लक्षात ठेवा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, नवाहो भूमीही करते. पेजच्या आसपास मोबाइल दोन वेळांमध्ये उड्या मारतो. बुकिंग कुठल्या वेळेनुसार आहे ते लिहून घेऊ.

काकू: पुराचं काहीतरी वाचलं होतं मी तिथलं.

ताई: हो काकू. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटेलोपमध्ये अचानक पूर आला आणि ११ पर्यटक गेले. पाऊस तिथे जेमतेम पडला होता, जोराचा पडला होता तो कित्येक मैल वर. खडकाळ जमीन पाणी शोषत नाही, सगळं ओढ्यात येतं, आणि घळ अरुंद असली की पाण्याची पातळी भराभर चढते. सांधण दरी आठवा. भर पावसात आपण तिकडे फिरकतही नाही ना, तसंच. फरक एवढाच की इथे तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं.

मी हे एकदा बघितलंय. दक्षिण युटात, ऑगस्टमध्ये, कोरड्या ओढ्यातून चाललो होतो. आधी ओल्या मातीचा वास आला. मग थंड झुळूक. मग वळणावरून तपकिरी गाळ आला, पुढ्यात काटक्या आणि पाइनची सालं ढकलत, माणूस भराभर चालतो त्या वेगानं. आम्ही कडेच्या खडकावर चढलो आणि तीन तास तिथेच बसून राहिलो. ज्या वाळूत माझी पावलं उमटली होती तिथे कमरेइतकं पाणी वाहत होतं. म्हणून म्हणते, घळीत शिरायची वाट ठरवताना आपल्या गावाचा नाही, ओढ्याच्या वरच्या अंगाचा अंदाज बघायचा. ऑक्टोबरपर्यंत मॉन्सूनची वादळं बहुधा सरलेली असतात, तरी रोज सकाळी बघणार.

बाबा: झायनच्या नॅरोज घळीत नदीतूनच चालायचं ना? मला जमेल?

ताई: बाबा, नॅरोजच्या तोंडापर्यंत रिव्हरसाइड वॉक आहे, जाऊन येऊन साडेतीन किलोमीटर, फरसबंद. तिथपर्यंत सगळे. पुढे व्हर्जिन नदी हीच वाट. खालून वर जायला परवाना नाही, हवं तिथून परत फिरता येतं. पाणी सेकंदाला १५० घनफुटांपेक्षा वाढलं की ती बंद करतात. पाण्याखाली शेवाळलेले गोल गोटे असतात, काठीशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. ऑक्टोबरात पाणी चांगलंच गार, त्यामुळे निओप्रीनचे मोजे आणि पाण्यातले बूट भाड्यानं घेऊ. तुम्ही पंधरा मिनिटं आत या, माझा हात धरून. दोन्ही बाजूंना भिंती आणि मध्ये आकाशाची चिरी, तेवढं तुम्हाला दाखवायचंच आहे मला.

बाबा: येतो.

ताई: ब्राइसला क्वीन्स गार्डननं उतरून नवाहो लूपनं वर येऊ, दोन्ही मिळून २.९ मैल. सनराइज पॉइंटहून सुरुवात, कारण त्या बाजूचा उतार सौम्य. भेगांमध्ये पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, खडक फुटतो, असं होत होत ते नारिंगी सुळके उभे राहिलेत. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडतं तेव्हा सावल्यासुद्धा केशरी दिसतात.

दादा: वाटेत खेचरं भेटतात म्हणे?

ताई: ग्रँड कॅन्यनला. भेटली तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, हालचाल नाही, आवाज नाही, आणि खेचरवाला सांगेल तसं. छोटूला हे आजच सांगून ठेव, त्याला त्यांना हात लावावासा वाटेल.

काका: ठरलं. सीडर रिज, उजाडताना. मी शेंगदाणे आणतो, खारे.

ताई: आणि नॅरोजमध्ये येणाऱ्यांनी बुटांचे नंबर पाठवा, सेंटिमीटरमध्ये पाऊल मोजून. इथले नंबर वेगळे असतात.

आई: छोटूचं पाऊल १९. बाबांचं मोजून सांगते, ते कट्ट्यावर गेलेत.