अनुभव धागा: कोर्टाचा कागद हातात आला, पुढं काय?

जास्वंद
नवरात्राची धुणी काढलीत. पाच गोधड्या भिजत पडल्यात आणि मी इथं टाइप करत बसलेय. ट्रंकेच्या तळाशी साडीच्या दुकानाची जुनी पिशवी निघाली, आत चार पानं, लॅमिनेशन केलेली. 2011 सालचा माझा संरक्षण आदेश, नवऱ्यानं त्रास देऊ नये म्हणून कोर्टानं दिलेला. तारीख वाचली आणि हातातला साबण विसरले.

तेव्हा कोल्हापूरचं कोर्ट सीपीआर दवाखान्यासमोर होतं. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं मीच लॅमिनेशन करून घेतलं, म्हटलं पावसात भिजायला नको. वकीलबाई इतक्या ओरडल्या! नक्कल प्रत आहे, पुन्हा कुठं दाखल करायची झाली तर भोकं कुठं पाडणार? मला आपलं वाटलेलं, हा कागद म्हणजे कवच. त्याला कव्हर नको?

मी ब्लाउज शिवायला एका दुकानात जायची. आदेशात होतं, 'अर्जदाराच्या कामाच्या ठिकाणी प्रवेश करू नये'. तिसऱ्याच दिवशी स्वारी समोरच्या पानपट्टीवर हजर. रोज 11 ते 1. दुकानात पाऊल नाही, तोंडातून शब्द नाही, नुसतं बघत उभं राहायचं. मी कागद दाखवला तर म्हणाला, 'मी दुकानात कुठं आलोय? रस्ता सरकारचा हाय.' पंधरा दिवसांत माझ्या हातून चार ब्लाउजच्या बाह्या उलट्या लागल्या. मग वकीलबाईंनी परत अर्ज देऊन त्यात आसपास थांबणं, पाठलाग, फोन, दुसऱ्याकरवी निरोप, सगळं एकेक करून घालून घेतलं. हे पहिल्यांदाच मागायचं असतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

घराचं वेगळंच. मंगळवार पेठेतलं घर सासऱ्यांच्या नावावर. वकीलबाई म्हणाल्या, 2006 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आपल्या विरुद्ध जातो, राहायचा हक्क मागत बसलो तर लटकू, त्यापेक्षा खोलीचं भाडं मागू. महिना 2,500 मिळालं. आठ वर्षं ज्या घराचं अंगण सारवलं तिथं परत गेले नाही.

तुमच्यापैकी कुणी या वाटेनं गेलं असेल तर लिहा. कलम माहीत नसलं तरी लिहा. मी गोधड्या पिळून येते.

गंगावेस_दूधकट्टा
ताई 🙏 वाचून गलबललं. पानपट्टीवाल्यानं काय केलं नाही का? आमच्याकडं असता तर चुना लावून पाठवला असता.

जास्वंद
पानपट्टीवाला त्याचाच दोस्त.

कुकरची_शिट्टी
आयडीवरून कळलंच असेल. माझं स्त्रीधन परत द्यायचा आदेश झाला. पोलीस, मी, भाऊ आणि छोटा हत्ती घेऊन गेलो होतो. यादी करून गेलेलो: शिलाई मशीन, पितळी घागर, कपाट, कुकर 5 लिटर. सासूनं एकेक वस्तू दारात आणून आपटली. सही झाली, गाडी निघाली. घरी येऊन भात लावतो तर कुकरला शिट्टी नाही! काढून ठेवून घेतली. यादीत 'कुकर' लिहिलेलं, 'शिट्टीसह' नव्हतं लिहिलं.
म्हणून सांगतो, यादी बारीक लिहा. दागिन्याचं वजन, पावती नसली तर लग्नातला फोटो. गळ्यातलं दिसतंय असा फोटो.

पुण्याचा_पाहुणा
एक शंका, तुम्ही 'सांगतो', 'लावतो' लिहिताय. आपण ताई की दादा?

कुकरची_शिट्टी
कोल्हापूरची हाय मी. आमच्यात बायका पण जातो, येतो, खातो. सासूला तेच आवडायचं नाही, ती पण तुमच्यातलीच होती 😄

गंगावेस_दूधकट्टा
😂😂 शिट्टी वाजवली

वडणगे_ऊस
आमच्या बहिणीचं सांगतो. पोटगीत नवऱ्यानं शपथपत्र दिलं: उत्पन्न काही नाही, दोन म्हशी, सोसायटीचं कर्ज. साडेतीन एकर ऊस आईच्या नावावर केलेला, केसच्या आदल्या महिन्यात. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलंय की दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, ठरलेल्या नमुन्यात. आधी नुसती तोंडी तक्रार चालायची. आमच्या वकिलांनी बँकेचा उतारा मागितला. आईच्या नावानं आलेलं उसाचं बिल दुसऱ्या दिवशी ह्याच्या खात्यात! बुलेटचा हप्ता पण तिथूनच. उत्पन्न शून्य आणि बुलेट.
त्याच निकालात आहे की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. बहिणीला मागची 14 महिन्यांची थकबाकी धरून मिळाली. मिळाली म्हणजे आदेश झाला. पैसे यायला वसुलीचा अर्ज करावा लागला, तो वेगळा ताप.

रंकाळ्याचं_वारं
कुठल्या कारखान्याला जातो ऊस? यंदा दर काय धरलाय?

वडणगे_ऊस
भावा हा धागा कशाचा, तू विचारतोस काय. खासगीत ये.

दुसरी_बाजू
शिव्या पडतील, तरी लिहितो. 2016 मध्ये माझ्यावर, आईवर आणि नाशिकच्या बहिणीवर 498 अ, म्हणजे बायकोच्या छळाची केस झाली. बहीण लग्नानंतर वर्षातून दोनदा यायची, दिवाळी आणि गौरी-गणपती. तिनं म्हणे टीव्हीसाठी छळ केला. अटक झाली नाही, पोलिसांनी नोटीस देऊन जबाब घेतले. 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. पण बहिणीचं नाव काढायला हायकोर्टात जावं लागलं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर थांबायचं, आणि बोर्डावर आपला नंबर यायच्या आत कोर्ट उठलं. असं पाच वेळा. भावजीनं सहाव्या वेळी बोलणंच टाकलं. बहिणीचं नाव निघालं, माझी केस 2021 ला निर्दोष सुटली. सुटलो, पण आई तोवर गेली होती, आरोपी म्हणूनच.

जास्वंद
शिव्या कशाला पडतील. आईचं वाचून वाईट वाटलं.

दोन_वेण्या
वाईट मलाही वाटलं. पण दादा, निर्दोष सुटला म्हणजे तिनं खोटं सांगितलं असं होत नाही. बंद दाराआड मारतात तेव्हा साक्षीदार कोण असतो? माझ्या केसमध्ये शेजारीण 'टीव्हीचा आवाज मोठा होता' म्हणाली. तिच्याच घरात मी फुटलेल्या ओठाला बर्फ लावला होता.

दुसरी_बाजू
मी तसं म्हटलं नाही. बहिणीचं सांगितलं.

दोन_वेण्या
बरं.

निवृत्त_खाकी
ठाण्यात महिला कक्षात बरीच वर्षं काढली म्हणून थोडं लिहिते. लोक दोन गोष्टींची खिचडी करतात. 498 अ (1 जुलै 2024 नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं 85 आणि 86) हा फौजदारी गुन्हा, एफआयआर होते. आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, ज्याला सगळे 'डीव्ही' म्हणतात, त्यात कलम 12 खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज असतो. नुसत्या अर्जावर कुणाला आत टाकत नाहीत. संरक्षण, राहणं, पैसे, मुलांचा ताबा मागता येतो. तातडी असली तर कलम 23 खाली समोरच्याला न ऐकता अंतरिम आदेशही होतो.
पण आदेश झाला आणि त्यानं मोडला, की कलम 31. तिथं मात्र गुन्हा, दखलपात्र आणि अजामीनपात्र. एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे आदेश हातात असताना ठाण्यात कुणी 'एनसी (अदखलपात्र नोंद) करून घ्या, जावा घरी' म्हटलं तर ऐकायचं नाही. आदेशाची प्रत ठाण्याला जायला पाहिजे असं कलम 24 सांगतं, तुम्हालाही ती फुकट मिळते. जास्वंदताईंची पानपट्टीवाली गोष्ट माझ्यासमोर चार-पाच वेळा तरी आलीय. तारीख, वेळ, कोण होतं, वहीत लिहीत जा. वही चालते.
आणि मार लागला असला तर आधी दवाखाना. सरकारी दवाखान्यात 'पडले' सांगू नका, पुढं तोच कागद आडवा येतो.

कुकरची_शिट्टी
'पडले' मी तीनदा सांगितलंय. एकदा तर 'म्हशीनं ढकललं'. आमच्यात म्हैसच नव्हती.

आत्याबाई_शाहूपुरी
मोबाईलवर लिहायची सवय नाही, चुका पोटात घाला. मला मुलगा मारत होता. दारू. नवरा वारल्यावर पेन्शन कधी येते ते त्याला माझ्याआधी कळायचं. भाचीनं सांगितलं आत्या हा कायदा फक्त बायकोसाठी नाही, आईला बहिणीला पण आहे. मला लाज वाटत होती पोटच्या पोरावर कागद करायची. संरक्षण अधिकारी बाई घरी आल्या, चहा घेतला नाही, फॉर्म भरला सगळा विचारून विचारून. कधीपासून मारतो विचारलं तेव्हा मी आठवायला लागले आणि रडू फुटलं. आदेश झाला. तो आता कागलला राहतो. दसऱ्याला सोनं द्यायला येतो, दारातच देतो. मी आत ये म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं पण.

गंगावेस_दूधकट्टा
आत्या 🙏

दोन_वेण्या
आत्याबाई, तुमच्या चुका बिका काही नाहीत. सुनेविरुद्धही करता येतो आता, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं व्याख्येतून 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढले.

आत्याबाई_शाहूपुरी
सून गुणाची आहे. तिनंच मला फोन लावून दिला होता 112 ला.

पेठेतला_मास्तर
थोडं अवांतर. बायकांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा शाहू महाराजांनी करवीर संस्थानात 1919 मध्ये केला होता. पोरांना सांगतो तेव्हा पोरं म्हणतात, सर शंभर वर्षं झाली की. मी म्हणतो, हो.
जास्वंदताई, घराबद्दल: तुमच्या वेळचा तो बत्रा निकाल 15 ऑक्टोबर 2020 ला सुप्रीम कोर्टानं चुकीचा ठरवला, सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा. आता घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सून तिथं नांदत असेल तर ते 'सामायिक घर' धरता येतं. मालकी मिळत नाही, पण कोर्टाच्या रस्त्याशिवाय हुसकता येत नाही. अर्थात सासू-सासऱ्यांची बाजूही कोर्ट बघतं.

जास्वंद
माहितीये. त्या दिवशी टीव्हीवर पट्टी फिरत होती. मुलगी म्हणाली, आई दूध उतू चाललंय. नऊ वर्षं उशीर. त्या जागी आता अपार्टमेंट आहे, खाली मोबाईलचं दुकान.

कागलकरीण
मैत्रिणीसाठी विचारतेय. ती बेळगाव साइडला दिलीय, सध्या माहेरी कोल्हापुरात आलीय. केस तिकडेच जाऊन करावी लागते का? आणि मारहाण दीड वर्षापूर्वीची, आता मारत नाही, आता पैसे देत नाही आणि फोन तपासतो. वकिलाला द्यायला तिच्याकडं काही नाही. सिमकार्ड पण त्याच्या नावावर.

निवृत्त_खाकी
कलम 27: ती तात्पुरती जिथं राहतेय तिथंही अर्ज चालतो. कोल्हापुरात करू दे. पैसे अडवणं हा कायद्यात आर्थिक हिंसाचारच आहे, मारलंच पाहिजे असं नाही. वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला उत्पन्नाची अट नाही. 15100 ला फोन करायचा किंवा थेट कोर्टात ऑफिस असतं तिथं जायचं. रात्रीबेरात्री 181 किंवा 112.
आधी सिम बदलायला सांगा. आईच्या आधारवर घ्या. बँकेचा ओटीपी त्याच्याकडं जात असेल तर अर्ज केल्याचंही त्याला कळेल.

वडणगे_ऊस
दीड वर्षाचं टेन्शन घेऊ नका. कलम 12 च्या अर्जाला एक वर्षाची मुदत लागत नाही, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. आमच्या बहिणीच्या वेळी समोरच्या वकिलानं हाच मुद्दा काढून दोन तारखा खाल्ल्या.

कागलकरीण
कायद्यात किती दिवसांत निकाल?

जास्वंद
पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असा प्रयत्न करावा असं लिहिलंय. माझे 2 वर्षं 7 महिने. समोरून तारखा घ्यायचे: आजारी, वकील बाहेरगावी, मयत. मयताची आजी एकच होती, तीनदा मेली. अंतरिम मात्र लवकर झाला, म्हणून अंतरिमवर जोर दे म्हणावं.

रंकाळ्याचं_वारं
आता मुंबईची महालक्ष्मी तरी वाचली. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच सुरू झालं, त्याच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात. जिल्हा कोर्ट आधीच कसबा बावड्याला गेलंय. चुकून जुन्या पत्त्यावर जाऊ नका, माझा चुलता गेला आणि हायकोर्टाच्या रांगेत उभा राहिला.

दुसरी_बाजू
ते वाचून बहिणीला फोन केला होता. ती म्हणाली आता काय उपयोग.

कुकरची_शिट्टी
जास्वंदताई लॅमिनेशन निघतं हां. हेअर ड्रायरनं गरम करायचं आणि कोपऱ्यातून हळू सोलायचं. आमच्या पोरीची मार्कशीट काढली होती तशी.

जास्वंद
गोधड्या वाळत घातल्या. पोरीचा ड्रायर आणून बसले. पहिला कोपरा निघाला, पण कोर्टाचा जांभळा शिक्का प्लॅस्टिकला चिकटून वर यायला लागला. बंद केला. आहे तसाच राहू दे.
कागलकरीण, मैत्रिणीला म्हणावं नक्कल प्रत मिळाली की पाच झेरॉक्स काढ. लॅमिनेशन नको.