पत्रांची चुकामूक आणि बहिणीचा अबोला

प्रश्न:
धाकट्या बहिणीशी माझा गेली बारा वर्षे पत्रव्यवहार आहे. मागे एका पत्रात मी तिला ‘सवड झाली तर ये’ असे लिहिले. आईच्या आजारपणात तिला येता आले नव्हते, त्यामुळे तो टोमणाच आहे असे समजून तिने चार पाने भरून राग व्यक्त केला. ते पत्र माझ्या हाती पडण्याआधीच मी मांजरीच्या पिल्लांचे कौतुक सांगणारे खुशालीचे पत्र टपालात टाकले होते, आणि आपल्या दुखावलेल्या पत्राला ताईने हे उत्तर द्यावे, याचे तिला अधिकच वाईट वाटले. महिनाभर अबोला आहे. पुन्हा लिहावे की फोन करावा?

प्रतिसाद १:
आधी तारखांचा घोळ निस्तरा. तिचे पत्र तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाले आणि तुमचे त्यापूर्वी कधी निघाले होते, एवढे पहिल्याच ओळीत लिहा. तुमच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का तिच्याकडे असेलच. आम्ही नवराबायको दूर राहत होतो तेव्हा पत्रांना क्रमांक घालत असू, त्यामुळे कोणते पत्र कशाचे उत्तर, यावरून तरी आमचे भांडण झाले नाही. (बाकी कारणांवरून झाले.)

प्रतिसाद २:
तारखांनी दुसऱ्या पत्राचा उलगडा होईल, पहिल्याचा नाही. लिहिताना आपला सूर आपल्या कानात असतो, वाचणाऱ्याच्या नसतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ई-मेलविषयीच्या संशोधनात, आपण उपरोधाने लिहिले की मनापासून, हे समोरच्याला ७८ टक्के वेळा ओळखता येईल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते ५६ टक्केच जमले, म्हणजे छापा-काट्याहून फारसे बरे नाही. तेव्हा फोनच करा. मात्र ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे सांगण्यापूर्वी ते वाक्य मूळ शब्दांत एकदा वाचा.

प्रश्नकर्ती:
माझ्या पत्राची नक्कल माझ्याकडे नाही, परंतु तिने ते वाक्य आपल्या पत्रात जसेच्या तसे उतरवले आहे आणि काल मी ते प्रथमच नीट वाचले: ‘आता तरी सवड झाली तर ये.’ ‘आता तरी’ हे शब्द मी लिहिल्याचे मला आठवतही नव्हते. आज रात्री फोन करते. तारखांचे नंतर सांगेन.