आज्जीच्या आठवणी उतरवायच्या आहेत : आधी वही की आधी रेकॉर्डिंग? (सोलापूर)

रेघांची_वही

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आज्जीचं वय ८६. एका कानानं कमी ऐकू येतं, आठवण मात्र खणखणीत. तिला आयुष्यभर लिहायची हौस. तिच्या तीन फुलस्केप वह्या आहेत, निळ्या शाईतल्या, आता फिकट पडलेल्या. शिवाय पत्र्याच्या ट्रंकेत साठेक फोटो, चार ऑडिओ कॅसेटी आणि एक मोडी कागद.

प्रश्न असे :
१. सुरुवात कशानं करावी?
२. ती तारखा सांगत नाही. "दुष्काळाच्या आधी", "थोरल्याच्या बारशाला" असं बोलते. वर्ष कसं काढायचं?
३. वह्या, फोटो, कॅसेटी आणखी खराब होऊ नयेत म्हणून काय करू? लॅमिनेशन करून घ्यावं का?

---

धोटा

आधी आवाज. वह्या ट्रंकेत आणखी सहा महिने राहिल्या तर फार बिघडत नाही. ८६ वर्षांच्या माणसाबद्दल तसं म्हणता येत नाही.

पूर्व भाग म्हणजे पहिला शत्रू मागांचा खडखडाट. यंत्रमागाचा जाड आवाज भिंतीतून येतो, खिडकी लावून थांबत नाही, आणि नंतर सॉफ्टवेअरनं काढायला गेलात तर आज्जीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. शेजारचे माग साप्ताहिक सुट्टीला बंद असतात तो दिवस धरा. दुसरा शत्रू पंखा. एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करून म्हातारं माणूस बसवू नका, सकाळी सात ते नऊ उरका. खोली रिकामी नको. गादी, उशा, कपड्यांचं कपाट असलेली खोली चांगली, आवाज घुमत नाही. समोरच्या भिंतीवर दोन सोलापुरी चादरी टांगल्या तर आणखी बरं. चादर जाड विणीची, तिचा इथे खरा उपयोग.

मोबाइल चालेल. एअरप्लेन मोड लावा, नाहीतर मधेच फोन येतो आणि काही मोबाइलवर रेकॉर्डिंग तिथंच तुटतं. मोबाइल थेट टेबलावर ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. कपबशी टेकवली तरी टेबलातून धाडकन आवाज जातो. तोंडापासून अंतर एक वीत, फार तर दीड. कॉलर माइक असेल तर पदर ज्या खांद्यावर नाही त्या बाजूला लावा. पदराची खरखर आणि गळ्यातल्या मण्यांची टिकटिक ही दोन कारणं, ज्यांनी चांगलं रेकॉर्डिंग वाया जातं.

फाइल शक्यतो डब्ल्यूएव्ही, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. मिनिटाला साधारण ५ एमबी, तासाला ३०० एमबीच्या आसपास. ही सोय नसेल तर एम-फोर-ए चालेल. पण फाइल व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवून तीच "मूळ प्रत" समजू नका. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पहिला अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इअरफोननं ऐका, मगच पुढे. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तुम्ही स्वतः बोला : आजची तारीख, कोण सांगतंय, कोण विचारतंय, जागा. फाइलचं नाव बदलू शकतं, आतला आवाज बदलत नाही.

एक बैठक ४० ते ४५ मिनिटांची. त्यापुढे गोष्टी आटोपशीर होत जातात, कारण माणूस दमतं. चांगल्या कानाच्या बाजूला बसा. ती बोलत असताना "हो का!", "अगं बाई!" नको. मान हलवा. ती थांबली की मनात पाच आकडे मोजा, दुसरा प्रश्न लगेच टाकू नका. पुष्कळदा खरी गोष्ट त्या पाच आकड्यांनंतर येते.

आणि प्रश्न. "तुझं लहानपण कसं होतं?" याला उत्तर येतं, "गरिबीचं होतं, पण सुखाचं." संपलं. त्याऐवजी कोरा कागद घ्या आणि तिच्या माहेरच्या घराचा नकाशा तिच्याकडूनच काढून घ्या. दार कुठल्या दिशेला? चूल कुठं? माग घरात होता का, त्याचा खड्डा कुठल्या भिंतीला? मागावर कोण बसायचं, कांड्या (बाण्याच्या सुताच्या नळ्या) कोण भरायचं, किती कांड्या झाल्या की खेळायला सुटका? रंगाचं सूत वाळत कुठं घालायचे, पाऊस आला की काय करायचे? हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, कुठल्या वारी, आणि त्यातून घरात पहिलं काय यायचं? घरात विडीकाम असेल तर : पानं कोण भिजवायचं, दिवसाला किती विड्या, कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं काय व्हायचं? एका नकाशावर तीन बैठका सहज निघतात. त्या कागदावर तारीख घालून तोही जपा.

---

शकेकर

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. तारीख विचारूच नका, खुंट्या द्या. गोष्ट या खुंटीच्या आधीची की नंतरची, एवढंच विचारायचं.

सोलापुरात चालणाऱ्या खुंट्या :
- मार्शल लॉ, इंग्रजांनी सोलापुरात लावलेला लष्करी अंमल : मे-जून १९३०.
- चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी : १२ जानेवारी १९३१. (ही आणि वरची तिच्या जन्माआधीची, पण आईवडिलांच्या गोष्टींना उपयोगी.)
- रझाकारांचा काळ आणि हैदराबादची पोलीस कारवाई : सप्टेंबर १९४८. मराठवाड्याकडून आलेल्या घरांना ही खुंटी हमखास लागते.
- आणे जाऊन नवे पैसे आले : १ एप्रिल १९५७. "चार आण्याला" की "पंचवीस पैशाला", कान तिथं ठेवा. मात्र चार आणे हा शब्द पुढेही तोंडात राहिला, म्हणून एवढ्यावर वर्ष ठरवू नका.
- मोठा दुष्काळ : १९७२. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं आली की तोच.
- खंडग्रास सूर्यग्रहण, लोक घरात बसले : १६ फेब्रुवारी १९८०.
- किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास.

महिना काढायला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा सगळ्यात पक्की, कारण ती संक्रांतीला बांधलेली, म्हणजे जानेवारी. "नंदीध्वज निघाले तेव्हा पोर सव्वा महिन्याचं होतं" एवढं वाक्य मिळालं तरी जन्म डिसेंबरच्या सुरुवातीचा, हे कळतं.

जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. पण नवीन इंग्रजी वर्ष लागल्यापासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत ७९. इथंच लोक चुकतात. वरचीच १२ जानेवारी १९३१ घ्या : तेव्हा शके १८५२ चालू होतं. नुसते ७८ मिळवले तर १९३० येतं, आणि कागद वर्षभर मागे सरकतो. संवत्सराचं नाव असेल तर ते ६० वर्षांनी परत येतं हे ध्यानात ठेवा. "प्रमोदनाम संवत्सर" १९३०-३१ सुद्धा आणि १९९०-९१ सुद्धा. फसली सन (जुन्या महसुली कागदांवरचं वर्ष) असेल तर ५९० मिळवा, फसली १३५८ म्हणजे १९४८-४९.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून दिसली तर लगेच विश्वास ठेवू नका. पोराला शाळेत बसवायचं म्हणून मास्तरांनी लावलेल्या तारखा आहेत त्या, घरातल्या तिघा भावंडांच्याही १ जून सापडतील. खेड्यात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात बघा. शहरात जन्म-मृत्यू विभाग. जुन्या नोंदीत बाळाचं नाव नसतं बऱ्याचदा, बापाचं नाव आणि "मुलगी" एवढंच. म्हणून वडिलांचं पूर्ण नाव आणि पेठ आधी हाताशी ठेवा.

अजून एक. उतरवताना प्रत्येक गोष्टीपुढे एक अक्षर घाला : पा (पाहिलेलं), ऐ (ऐकलेलं), अं (अंदाज). मार्शल लॉच्या गोष्टी सोलापुरात घरोघरी आहेत, आणि ८६ वर्षांच्या माणसाकडे त्या "ऐ" च असणार. त्यानं गोष्ट खोटी ठरत नाही, कुणाची आहे ते कळतं. आत्या वेगळं सांगत असेल तर दोन्ही ठेवा, नावानिशी. जुळवून तिसरीच तयार करू नका.

---

बासन

लॅमिनेशन अजिबात नको. गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत त्याचा पिवळा डिंक कागदात उतरतो.

वह्या : स्कॅन रंगीतच करा, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. काळ्या-पांढऱ्यात केलं की फिकट निळी शाई कागदात विरून जाते. रंगीत फाइल फोटोच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून फक्त लाल चॅनेल बघा. निळी शाई लाल उजेड शोषते म्हणून तिथं गडद दिसते, आणि पिवळा पडलेला कागद उजळ. न लागणारी ओळ बहुतेक वेळा यानंच लागते. शाई पुन्हा गिरवू नका, कितीही मोह झाला तरी.

फोटो : ६०० डीपीआय, पाठीमागची बाजू पण. स्टुडिओचा शिक्का, कुणीतरी लिहिलेलं नाव तिथंच असतं. ३ × ४ इंचाच्या फोटोची फाइल १८०० × २४०० ठिपक्यांची होते, भिंतीवर लावण्याइतकी मोठी. मूळ फाइल टिफमध्ये, वाटायला जेपीजी. नावं डावीकडून उजवीकडे, उभ्यांची ओळ वेगळी, बसलेल्यांची वेगळी. नुसतं "मामी" लिहू नका. कुणाची मामी? वीस वर्षांनी तो शब्द वाचणारा वेगळ्याच नात्यातला असेल. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं. अलीकडच्या गुळगुळीत रंगीत फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथं कागदी पाकीट करून आधी पाकिटावर लिहा, मग फोटो आत. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा.

कॅसेटी : लावण्याआधी वरच्या काठावरचे दोन प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी वर रेकॉर्ड होत नाही. टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, लावू नका, प्लेअरचं हेडही खराब होतं. नाहीतर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, मग वाजवा. आवाज एकदम मंद आणि दबका आला तर आतली फेल्टची छोटी गादी पडलेली असते. स्क्रूची दुसरी कॅसेट उघडून टेप तिच्यात बसवता येतो. प्लेअरमधून लॅपटॉपला लाइन-इन असलेल्या यूएसबी साउंड कार्डमार्फत जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट घातलं तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी फुकट आहे. ६० ची कॅसेट म्हणजे ६० मिनिटं, घाई होत नाही.

ट्रंक : जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको. डांबरगोळ्या फोटोंजवळ नकोत. जुन्या पोथ्यांसारखं धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा.

---

बाळीवेसकर

कडुलिंबाचा पाला घाला की, पिढ्यान्‌पिढ्या घालतात.

---

बासन

घाला, पण पूर्ण वाळवून, पुरचुंडीत. ओला पाला कागदावर डाग पाडतो. वेखंडही तसंच. आणि यानं कसर कमी होते, वाळवी थांबत नाही. वाळवीवर उपाय एकच, दर दोन महिन्यांनी ट्रंक उघडून बघणं.

मोडी कागदाचं राहिलं : मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका. सावलीतल्या उजेडात वरून सरळ फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवून. वाचणाऱ्याकडून दोन गोष्टी वेगवेगळ्या मागा : ओळीला ओळ देवनागरी आणि त्याखाली अर्थ. नुसता अर्थ घेतला तर नावांचं चुकलेलं वाचन पुन्हा तपासता येत नाही.

---

रेघांची_वही

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. आज्जी मधेच तेलुगूत जाते, मग पुन्हा सोलापुरी मराठीत. लिहिताना मराठी शुद्ध करून घेऊ का? मोबाइलच्या व्हॉइस टायपिंगनं काही धड येत नाही.

---

दोन_बोली

शुद्ध करू नका. आज्जी "मी कांड्या भरूलालो" म्हणाली असेल तर ते "मी कांड्या भरते आहे" होता कामा नये. तेलुगू वाक्य ऐकू येईल तसं देवनागरीत लिहा, खालच्या ओळीत मराठी. देवनागरीत तेलुगूचे ऱ्हस्व ए आणि ओ नीट दाखवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक तेलुगू तुकड्यापुढे रेकॉर्डिंगची वेळ टाका (१२:४० असं), म्हणजे पुढच्याला मूळ ऐकता येईल. नात्याचे शब्द तसेच ठेवा. अव्वाला आजी केलं की घर बदलतं.

व्हॉइस टायपिंग दोन भाषा मिसळल्या की अडखळतं, हे खरं. एक मार्ग : इअरफोननं तिचं वाक्य ऐका, आणि तेच वाक्य तुम्ही स्वतः मोबाइलला सांगा. तुमचा आवाज स्वच्छ, खोली शांत, चुका पुष्कळ कमी. हातानं उतरवायचं तर एका तासाला पाच-सहा तास धरा. म्हणून सगळं उतरवू नका. आधी दर पाच मिनिटांना एक ओळ अशी यादी करा, त्यातून निवडा.

वहीत लिहिणार असाल तर फक्त उजव्या पानावर. डावं कोरं ठेवा, दुसऱ्या दिवशी आज्जी म्हणणारच, "काल ते राहिलं बघ."

---

धोटा

छापायचं ठरलं तर डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फाँटात जुळवला तर दहा वर्षांनी फाइल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतील, आणि पीडीएफमध्ये आज्जीचं नाव शोधून सापडणार नाही. डेमी आकार, ८० जीएसएम कागद, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, कारण पहिली वाचक तीच. तीस-चाळीस प्रती डिजिटलवर होतात. ऑफसेटला गेलात तर पानं १६ च्या पटीत आणा, नाहीतर शेवटी कोऱ्या पानांचे पैसे द्याल.

फाइलींच्या तीन प्रती : लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्हवर भरवसा नको, वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर आतलं पुसट होतं. दर संक्रांतीला तिन्ही उघडून दोन-दोन फाइली वाजवून बघा. आणि जिवंत माणसांबद्दलचं, जमिनीच्या वाटणीचं काही आलं तर ते वेगळ्या फाइलीत, आज्जीला विचारून : कुणाला ऐकवायचं, कधी. तिचं उत्तरसुद्धा रेकॉर्ड करा.

---

रेघांची_वही

रविवारी शेजारचे माग बंद असतात. सकाळी सातला बसतो. नकाशासाठी ड्रॉइंगचा मोठा कागद आणलाय, आज्जी म्हणते पट्टी पण आण.