बूट मेनू: एक पर्याय की तीन?

निवांत: ऑपरेटिंग सिस्टिमने बूट मेनूत (संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीत) एकच पर्याय ठेवावा. लिनक्समध्ये तीन-तीन कर्नल (सिस्टिमचा गाभा), प्रत्येकाचा रिकव्हरी मोड (दुरुस्तीसाठी), वर मेमटेस्ट (मेमरीची तपासणी). ही जत्रा कुणासाठी? विंडोज 8 ने 2012 मध्येच सुरू होताना एफ8 दाबून असे पर्याय उघडण्याचा नाद सोडला, कुणाचं काही अडलं नाही.

टर्मिनलकर: विंडोज 8 इतकी झटपट सुरू व्हायची की एफ8 दाबायला 200 मिलिसेकंदही मिळत नव्हते, म्हणून सोडला. पर्याय मात्र शाबूत आहेत, शिफ्ट धरून रीस्टार्ट केल्यावर दिसतात. लपवणं वेगळं, काढून टाकणं वेगळं. लिनक्सवर नवा कर्नल आला आणि डीकेएमएसला (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) त्यासाठी एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डचं मॉड्यूल (ड्रायव्हर) बांधता आलं नाही, की समोर काळी स्क्रीन. जुना कर्नल मेनूत नसेल तर पेनड्राइव्ह शोधत फिरायचं का?

निवांत: बूट फसलं की उबुंटू (एक लिनक्स) पुढच्या वेळी आपणहून 30 सेकंद मेनू दाखवतं. रेकॉर्डफेल, म्हणजे फसलेल्या बूटची खूण, काय शोभेला ठेवलंय?

टर्मिनलकर: तिथेच तर गोम आहे! ग्रब (बूट मेनू दाखवणारा प्रोग्राम) सुरुवातीला खूण लावतं, सिस्टिम वर आली की एक सर्व्हिस ती पुसते. काळ्या स्क्रीनमागे सिस्टिम छान चालू असते. खूण पुसली, मेनू गायब.

खवचट: फेडोराला (दुसरं एक लिनक्स) हे कळतं. लॉगिननंतर 2 मिनिटं गेली तरच बूट यशस्वी, नाहीतर पुढच्या वेळी मेनू हजर.

बूटबैरागी: पण तीन कर्नल ठेवायचे कुठे? अनेकांचं /बूट (कर्नल ठेवायचा डिस्कचा भाग) 512 एमबीचं, आणि एनव्हिडियाची मॉड्यूल्स शिरली की एकेक इनिट्रॅमएफएस (प्रत्येक कर्नलची, बूटला लागणाऱ्या ड्रायव्हरची फाइल) 100 एमबीच्या पुढे. शिवाय अपडेट आधी '.न्यू' फाइल लिहितं, मग जुनीवर चढवतं. म्हणजे आणखी एकीची जागा. ती नसली की एपीटी (पॅकेज बसवणारं साधन) अर्ध्यात अडकतं आणि लोक /बूटमध्ये घुसून आरएम (फाइल पुसणारी आज्ञा) चालवतात.

टर्मिनलकर: आरएम कोण चालवतं? 'यूनेम -आर'ने चालू कर्नल बघा, मग 'एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'ने नको असलेले जुने काढा. तरी जागेचं रडगाणं असेल तर इनिट्रॅमएफएसच्या कॉन्फमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) मॉड्यूल्स 'मोस्ट'चं (बहुतेक सगळे ड्रायव्हर) 'डेप' (फक्त या मशीनला लागणारे) करा. फाइल चांगलीच आटते.

बूटबैरागी: वा! मग मदरबोर्ड बदलला की नव्या डिस्क कंट्रोलरचं मॉड्यूल आत नाही, रूट (डिस्कवरची मुख्य सिस्टिम) सापडत नाही, थेट बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट (नुसत्या आज्ञा टाइप करायची जागा). तिन्ही 'डेप'ने बांधले असतील तर तिन्ही एका सुरात रडणार.

खवचट: म्हणून फेडोरात सर्वसाधारण ड्रायव्हर असलेली रेस्क्यू इमेज वेगळी असते. पण ती इन्स्टॉलच्या दिवशीची. तो कर्नल काढला गेला की त्याची मॉड्यूल्सही रूटवरून जातात. फार विसंबू नका.

निवांत: बरं, दोन कर्नल. उपकार म्हणून. पण लपवलेले. एस्केप दाबा, दिसतील.

टर्मिनलकर: यूईएफआयवर (नव्या संगणकांच्या फर्मवेअरवर) एस्केप एकदा जास्त पडला की मेनूऐवजी ग्रबचा कोरा प्रॉम्प्ट येतो. तिथे 'नॉर्मल' लिहून एंटर मारायचं, हे नवख्याला कोण सांगणार? ग्रबच्या सेटिंगमध्ये टाइमआउट 2, स्टाइल 'मेनू', मग अपडेट-ग्रब चालवा. दोन सेकंदांत कुणाचा जीव जात नाही.

निवांत: ज्याला हवंय त्याने टाइमआउटची ओळ बदलावी. डीफॉल्ट शून्यच.