टाइमलॅप्स, वाळूच्या टेकड्या आणि पहाट : तुमचे अनुभव लिहा

काल जुनी हार्डडिस्क आवरताना गोव्यातल्या मांद्र्याचा फोल्डर सापडला. डिसेंबरची सुट्टी, पुळणीवर ट्रायपॉड, दर ५ सेकंदांनी एक फोटो. तासाभरात ७२०, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने जेमतेम २९ सेकंदांची क्लिप. दव इतकं की लेन्स सारखी धुरकटायची, आणि शेजारी बसलेले बाबा रुमालाने पुसायचे. रुमाल आलेल्या ११ फ्रेम तेव्हा मी काढून टाकल्या होत्या. मूळ फोटोंत त्या आहेत. पांढरा रुमाल, निळी किनार, बाबांच्या अंगठ्याचं नख. बाबा जाऊन चार वर्षं झाली. रात्री बसून सगळ्या परत जोडल्या.

खारावारा : मांद्र्याला सूर्य मागून उगवतो ना? मग दिसतं काय?

धागाकर्ती : सावल्या! आधी लांबचं पाणी उजळतं, मग ऊन किनारा चढत टेकडीकडे येतं. मर्यादवेलीची जांभळी फुलं सगळ्यात शेवटी.

कुर्ली : रुमालाचं वाचून डोळे भरले गं. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पुळणकर : दवासाठी लेन्सवर पायमोजा चढवायचा, आत गरम पाण्याची छोटी पिशवी. मी आंजर्ल्याला केलंय. आणि वाळू सरकताना हवी असेल तर पहाट उपयोगाची नाही. तेव्हा मतलई वारा, तोही मंद. दुपारी खारे वारे सुटले की कण पळतात. माझ्या झूमच्या कड्यात गेले ते अजून करकरतात.

भरती_ओहोटी : कृपया ट्रायपॉड मर्यादवेलीत रोवू नका. तीच वाळू धरून ठेवते. आणि कासवांच्या हंगामात अंधारात टॉर्च नको, पिल्लं उजेडाकडे वळतात.

सातासमुद्रापार : डेन्मार्कला रुब्येर्ग क्नुडच्या टेकड्यांवर पहाटे साडेचारला उभी होते, जूनमध्ये! समुद्र कडा खात आला म्हणून तिथलं दीपगृह २०१९ मध्ये रुळांवरून ७० मीटर आत सरकवलं. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरत होता, शेवटी नवऱ्याने पाय धरले. ट्रायपॉडचे.

पुळणकर : पिशवीत दगड भरून मधल्या दांड्याला टांगायची.

खारावारा : डिसेंबरात जातोय. मांद्र्याला सकाळी पातळ भाजी-पाव कुठे चांगला मिळतो?

कुर्ली : आले. धागाकर्ती, ती जोडलेली क्लिप टाक ना इथे.

धागाकर्ती : आईने अजून पाहिली नाहीये. रविवारी तिच्याकडे जातेय, मग टाकते.